साठाव्या तिकिटाचा डिंक

रविवार, ८ डिसेंबर १९६८

आज मी एका माणसाला चोर म्हणाले का? खरंच सांगते, मला याचं उत्तर देता येत नाही. मी फक्त म्हणाले, "या एका तिकिटाला डिंक आहे, बाकीच्यांना नाही." वाक्य खरं होतं. भिंगातून कोणालाही दिसलं असतं. पण ते ऐकून हिंदुरावांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "झालं तर मग. बाइंडरने बदललं."

सगळं नीट लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल.

आप्पासाहेब निगडे एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या शिवाजीनगरच्या बंगल्यावर आमच्या वडिलांची भाजी जायची. मी मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनीच वडिलांना बसवून सांगितलं की मुलीला कॉलेजात घाला. आज मी बी.एस्सी. आहे, घरातली पहिली, ती त्या एका दुपारमुळे. सुट्टीत मी त्यांच्याकडे तिकिटं लावायला जायचे. चिमटा कसा धरायचा, कडेचे दाते कसे मोजायचे, काळ्या बशीत बेंझिन टाकून कागदातलं जलचिन्ह कसं बघायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. ते म्हणायचे, "कागदाला खोटं बोलता येत नाही, शकुंतला. बोलतो तो माणूस."

त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी संग्रह विकायचं ठरवलं, म्हणून जूनपासून मी तिथे पगारावर यादी करतेय. हिंदुराव हे त्यांचे चिरंजीव. विक्रीचं सगळं तेच बघतात.

संग्रहातलं नावाजलेलं पान एकच. न्यूझीलंडच्या पोस्टाने १८९३ साली तिकिटांच्या पाठी जाहिरातींना दिल्या होत्या. पुढे राणी, मागे साबण, कोको, दंतवैद्य, अपचनाच्या गोळ्या. लोक कुरकुरले, तिकीट चाटायचं म्हणजे शाई चाटायची का म्हणून, आणि तो प्रकार लवकरच बंद पडला. तावाच्या एका भागात साठ तिकिटं, आणि प्रत्येक जागेची जाहिरात ठरलेली. सुट्या तिकिटाला फार किंमत नाही. पण एकाच रंगाची, साठही जागांची तिकिटं एकेक करून जमवायची आणि मूळ तावासारखी मांडायची, याला माणसाचं आयुष्य लागतं. आप्पासाहेबांना लागलं. १९५४च्या प्रदर्शनात त्या पानाला पदक मिळालं. पाठ दिसावी म्हणून सगळी तिकिटं पालथी लावलेली आहेत, फोटोंना लावतात तशा कागदी कोपऱ्यांत.

आज मुंबईचे व्यापारी श्रॉफ ते पान बघायला आले. त्यांनी साठाव्या तिकिटावर, लोणच्याच्या जाहिरातीवर, भिंग बराच वेळ धरलं. म्हणाले, "इथे शाई दात्यांच्या धाग्यांत उतरली आहे. खऱ्यात आधी जाहिरात छापायची, मग डिंक, मग दाते. हे दाते पडल्यावर छापलंय. साध्या तिकिटाच्या पाठीवर मागाहून कोणीतरी जाहिरात उठवली आहे." मी भिंग मागून घेतलं आणि ते वाक्य बोलले. श्रॉफ म्हणाले, "बरोबर. पावसाळ्यात चिकटतात म्हणून जुने लोक डिंक धुऊन टाकायचे. एकोणसाठ धुतलेली आणि हे एक नाही, म्हणजे हे वेगळ्या हातून आलंय."

अल्बम घराबाहेर एकदाच गेला. पाठ मोडली होती म्हणून दिवाळीनंतर भवानी पेठेत दादामियाँकडे बांधायला दिला होता. मीच नेऊन दिला, आणि हिंदुरावांनी सांगितलं होतं म्हणून पावतीही घेतली. 'अल्बम एक, तिकिटं सर्व जागेवर.' दादामियाँनी खाली सही केली.

घरात मात्र अल्बम रोज माझ्याच हातात असतो. ते आज कोणीही बोललं नाही. मी डिंकाचं बोलले नसते तर कोणी बोललं असतं का? हिंदुरावांनी बाइंडरचं नाव घेतलं तेव्हा मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. इथे नाही तर कुठे लिहिणार?


सोमवार, ९ डिसेंबर

भवानी पेठेत गेले. दादामियाँ पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत होते आणि त्यांची मुलगी हमीदा खाली बसून छापील पानांचे फर्मे शिवत होती. हमीदा माझ्याच वयाची. सातवीनंतर शाळा सुटली, पण वाचायला मिळेल ते वाचते. शिवता शिवता आख्खं पुस्तक वाचून होतं, असं ती म्हणते.

"या, पावतीबाई," ती म्हणाली.

हिंदुरावांचा कारकून सकाळीच येऊन गेला होता. तेव्हा दुकानात एका शाळेचा शिपाई पुस्तकं मोजून घेत होता. त्याच्यादेखत कारकून म्हणाला, "तिकीट मुकाट्याने परत करा, नाहीतर चौकीत बोलू."

दादामियाँनी मला स्टूल दिलं. "मला तिकीट म्हणजे बसचं ठाऊक, बेटी. तेही उतरेपर्यंत टिकत नाही माझ्याकडून. कंडक्टर ओरडतो."

"चाचा, तुम्ही त्या पानावर काही बदललंत का?"

विचारल्याबरोबर मला कळलं की असं विचारायला नको होतं. त्यांनी शिकंज्यावरचा हात काढला. "बटर पेपर घातला पानापानांत. बंगल्यावरच्या बाईंनीच सांगितलं होतं. नवी शिवण घातली. पुठ्ठा बदलला. आणखी काय बदलू?"

"लिहून घे," हमीदा म्हणाली. "कबुलीजबाब. खाली सही घे. तुला सवय आहे."

"हमीदा," दादामियाँ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "माझ्याकडे कुराण येतं, गीता येते, पोरांच्या वह्या येतात. पानावर काय आहे ते मी बघत नाही. शिवण बघतो. आजवर पुस्तकाची पावती कुणी मागितली नव्हती. तू मागितलीस, मी म्हटलं मुलगी शिकलेली आहे, तिची पद्धत असेल."

चहा आला. मी घेतला. न घेऊन कसं चाललं असतं?


बुधवार, ११ डिसेंबर

आज घरी मच्छिंद्रदादाला सांगितलं. तो पहाटे टेंपोतून मंडईत माल टाकून आला होता आणि न्याहारी करत होता.

"तुझं नाव आलंय का त्यात?"

"नाही."

"मग गप ऱ्हा की. बंगल्यावाल्यांचं बंगल्यावाले बघतील. तुला कशापायी पुळका?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढ्या लांबच्या मुलखातली बाई लोणच्याची जाहिरात तिकिटाच्या मागं करती व्हय? मग चाटल्यावर आंबट लागत असंल."

मी हसले. मग हसू आलं म्हणून रडू आलं. आईला वाटलं ठसका लागला.


शुक्रवार, १३ डिसेंबर

साठाव्या तिकिटाचं जे जे मोजता येतं ते मोजलं. दाते बरोबर. जलचिन्ह बरोबर. समोरची राणी अस्सल. म्हणजे तिकीट खरंच त्या काळातलं आहे, प्रश्न फक्त पाठीचा. शाई डिंकाखाली की डिंकावर? भिंगातून मला दोन्ही वाटतं. जे वाटावं असं मनात असतं ते दिसतं.

पक्की परीक्षा एकच, पाणी. शाई खाली असेल तर डिंक जाईल, जाहिरात राहील. वर असेल तर डिंकाबरोबर जाहिरातही जाईल. पण पाण्यातून काढल्यावर ते तिकीट पहिल्यासारखं होणार नाही. नमुना नष्ट करणारी परीक्षा, असं आम्हाला प्रयोगशाळेत शिकवायचे. तिथे नमुना पुष्कळ असायचा.

आनंदीबाईंना विचारलं, "आईसाहेब, थेंबभर पाणी लावून बघू का?"

त्या मटार सोलत होत्या. "नको."

"बाकीची कोणी धुतली होती?"

"ह्यांनी आणि मी. लग्न नवीन होतं. परातीत पाणी घ्यायचं, एकेक सोडायचं, मग टीपकागदावर. माझा पदर ओला व्हायचा आणि हे ओरडायचे." त्या हसल्या.

"आणि हे साठावं?"

"ते मागाहून आलं, आमचा हिंदुराव लहान असताना. कराचीच्या कोणा गृहस्थाने पोस्टाने पाठवलं होतं."

"मग ते का नाही धुतलं?"

त्यांनी मटाराची शेंग उघडली, दाणे काढले, आणि साल दाण्यांत टाकलं. "मला काय माहीत? तुम्ही शिकलेल्या मुली, तुम्हाला ठाऊक. चहा टाक जरा."

बिचाऱ्यांना आप्पासाहेबांची फार आठवण येते. मी पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही.

पण एक राहूनच जातंय. त्या म्हणाल्या 'मागाहून आलं'. कराचीहून आलं ते अस्सलच असणार, मग कोणीतरी ते बदलून हे डिंकवालं ठेवलं, असंच होणार ना? मग दादामियाँनीच... मला हे वाक्य पुरं करता येत नाही.


रविवार, १५ डिसेंबर

हिंदुरावांनी मला बंगल्यात बोलावून खुर्ची दिली. एरवी देत नाहीत. टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यात असं की मी, शकुंतला, बी.एस्सी., अल्बम बांधायला देण्यापूर्वी साठही तिकिटं तपासली होती आणि कोणालाही डिंक नव्हता.

"मी डिंक बघितला नव्हता," मी म्हणाले. "मी फक्त सगळ्या जागा भरलेल्या आहेत एवढं पाहिलं."

"डिंक असता तर तुझ्या लक्षात आलं नसतं? एवढी हुशार मुलगी. आप्पा म्हणायचे, डोळा आहे तिच्याकडे."

लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. म्हणजे नव्हताच, की मी धांदरट आहे?

"शकुंतला, तुला कल्पना नाही ते तिकीट काय होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ओल्या हाताने त्या पानाजवळ गेलो. आप्पांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा. त्या एका तिकिटासाठी. आणि आज एक बाइंडर ते खिशात घालून बसलाय."

मला त्यांचं वाईट वाटलं. ते खोटं बोलत नव्हते.

येत्या रविवारी तिकीट-संग्राहक मंडळाची सभा आहे. तिथे ते सगळ्यांसमोर सांगणार आणि सोमवारी फिर्याद देणार. मी निघताना म्हणाले, हडपसरला जो औषधांचा नवा कारखाना निघालाय त्याचे मॅनेजर त्यांचे मित्र आहेत. प्रयोगशाळेत मुली घेणार आहेत. "तुझ्या घरापासून चालत जाता येईल." हे त्यांनी कागदाशी जोडून म्हटलं नाही. कागद मात्र माझ्या पर्समध्ये आहे.


सोमवार, १६ डिसेंबर

सही केली नाही. करणार नाही, असंही सांगितलं नाही.


मंगळवार, १७ डिसेंबर

पुलगेटला बसच्या रांगेत मागून कोणीतरी पदर ओढला. हमीदा होती.

"दोन शाळांनी पुस्तकं परत नेली," ती म्हणाली. "एका शाळेची अर्धी शिवलेली होती. मी म्हटलं, पुरी तरी करू द्या, दोरे लोंबतायत. शिपाई म्हणाला, हेडमास्तरांचा हुकूम आहे. तशीच पोत्यात घालून नेली. अब्बा बघत बसले. त्यांनी आजवर अर्धं पुस्तक कुणाला दिलेलं नाही."

"मी काही म्हणाले नव्हते गं, हमीदा. मी फक्त डिंकाचं—"

"तू काही म्हणत नाहीसच. मला हेच सांगायचं होतं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू काय म्हणतेस, शकू? डिंक सोड. तू."

बस आली. मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती तिथेच उभी होती. तिला या बसने कुठेच जायचं नव्हतं. ती फक्त एवढं विचारायला आली होती.


गुरुवार, १९ डिसेंबर

घाईने लिहितेय, अक्षर वाईट येईल.

दुपारी बंगल्यावर पान उघडून बसले होते. करण्यासारखं काही नव्हतं. तिकडे बघवत नव्हतं म्हणून नवा बटर पेपर उचलून नुसती समोरच्या कोऱ्या पानाकडे बघत होते, डावीकडच्या. ऊन तिरपं येत होतं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात तिकिटाएवढा एक पिवळट चौकोन दिसला. बाकी पान स्वच्छ. चौकोनात काहीतरी होतं, मळ असावा तसं. भिंग धरलं. मळ नव्हता, अक्षरं होती. उलटी.

पर्समधला आरसा काढला. आरशात लोणच्याची जाहिरात सुलटी वाचता आली. पुसट, पण एकावर एक दोन-तीनदा उमटलेली, थोडी थोडी सरकून.

तिकिटं पालथी लावलेली, म्हणजे डिंक समोरच्या पानाला टेकणार. पावसाळ्यात डिंक पाघळणार आणि शाई त्याच्या वर असेल तर ती पानाला लागणार. डिंकाखालच्या शाईला असं करता येत नाही. म्हणजे तिकीट खोटं, हे नक्की.

पण कधीपासून? मी पान मिटलं आणि बोटाने अदमास घेतला. ठसा आणि तिकीट एकमेकांवर बसत नाहीत. ठसा अर्धा बोट वर आहे. दादामियाँनी जुनी शिवण काढून नवी घातली तेव्हा पानं सरकली. ठसा जुन्या शिवणीच्या वेळचा आहे. शिवाय बांधल्यापासून मध्ये बटर पेपर आहे, आणि त्याच्यावर काहीच नाही.

ते तिकीट अल्बम भवानी पेठेत जायच्या आधीपासून तिथेच होतं. किती तरी पावसाळे होतं. कोणी काही बदललेलं नाही.

मला नाचावंसं वाटलं. मग आठवलं की आप्पासाहेबांनी पदक कशावर घेतलं होतं.

ते फसले असतील. एवढा जाणता माणूस? दात्यांमधली शाई श्रॉफना दोन मिनिटांत दिसली. ज्यांनी मला भिंग धरायला शिकवलं त्यांना तीस वर्षांत दिसली नाही?

आणि एकोणसाठ धुणाऱ्या माणसाने साठावं का धुतलं नाही?

आनंदीबाईंनी मटाराचं साल दाण्यांत टाकलं होतं. मी ते पाहिलं, लिहिलं, आणि मला काहीच कळलं नाही.


शुक्रवार, २० डिसेंबर

आनंदीबाईंना आरसा दिला. त्यांनी बघितलं नाही. आरसा पालथा ठेवला.

"त्यांनी एकदा परात काढली होती," त्या म्हणाल्या. "आमचा हिंदू तेव्हा शाळेत गेला होता. पाणी ओतलं, टीपकागद मांडला, तिकीट चिमट्यात धरलं. मी दारातून बघत होते. किती वेळ तसेच उभे होते. मग तिकीट जागेवर लावलं आणि परातीतलं पाणी नेऊन गुलाबाला घातलं. मी विचारलं, झालं का धुऊन? म्हणाले, आज पाणी गढूळ आहे."

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, असेल." आरसा माझ्याकडे सारून त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत नव्हतं, शकू. माहीत करून घ्यायचं नव्हतं. दोन्हींत फरक आहे. तुझ्या वयात तो कळत नाही."

मी म्हणाले, "आईसाहेब, रविवारी हिंदुराव सभेत दादामियाँचं नाव घेणार आहेत."

"मला माहीत आहे."

"मग तुम्ही त्यांना—"

"माझ्या नवऱ्याला खोटा म्हणू? माझ्याच तोंडाने?" त्या उठल्या. दाराशी थांबल्या. "तू म्हणणार का?"

आप्पासाहेब वडिलांना बसवून बोलले ती दुपार मी आठवत होते. त्यांनी तेव्हा तोंड उघडलं नसतं तर आज मला काही बघताही आलं नसतं, आणि जे दिसलं त्याच्यावर काय करावं हा प्रश्नही पडला नसता.


शनिवार, २१ डिसेंबर

मच्छिंद्रदादाला सगळं सांगितलं, कारखान्याच्या नोकरीचंही. तो म्हणाला, "नोकरी जाईल." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "घरापासनं चालत व्हती की गं." मग म्हणाला, "सभा कुठाय? सोडतो टेंपोनं."


रविवार, २२ डिसेंबर

सभा शाळेच्या वर्गात होती. पंधरा-वीस मंडळी, सगळे पुरुष, आप्पासाहेबांच्या बरोबरीची. फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं तशीच होती. अल्बम टेबलावर होता. हिंदुराव बोलायला उठले आणि 'भवानी पेठेतला एक बाइंडर' इथपर्यंत आले. मी उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं होतं, पण पाय कधी उठले ते कळलं नाही.

मी सांगितलं की डिंकाची गोष्ट प्रथम मीच काढली. निरीक्षण बरोबर होतं, पण त्यावरून लोकांनी जे ठरवलं त्याला मी विरोध केला नाही, कारण त्यात माझी सुटका होती. मग पान उघडलं, आरसा धरला आणि एकेकाला बघायला बोलावलं. म्हातारे चष्मे सावरत आले. एकाने फक्त "अरे आप्पा" असं म्हटलं, अगदी हळू.

"हे शिकंज्यात दाबल्यामुळे उमटलंय!" हिंदुराव ओरडले.

मी पान मिटून अर्ध्या बोटाचा फरक दाखवला. कोरा बटर पेपर दाखवला.

"तुला इथे आणली कोणी? भाजीवाल्याची पोर, आप्पांनी माणसात आणली, आणि आज त्यांनाच—" त्यांनी ते डावीकडचं पान धरलं आणि ओढलं. जोरात ओढलं. मला वाटलं, गेलं. पण शिवणीतले दोन टाके फक्त उसवले, पान आलं नाही. दादामियाँची शिवण होती.

"हिंदू, हात काढ."

आनंदीबाई दारात होत्या. मंडळाच्या सभेला त्या कधीच येत नाहीत. हातात पिशवी. त्यांनी पिशवीतून एक खोलगट थाळी काढली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तिच्यात घेतलं आणि टेबलावर ठेवली. पाणी हिंदकळलं नाही.

"आई, ते आप्पांचं—"

"मला माहीत आहे कोणाचं ते. शकू, घाल."

मी चिमट्याने साठावं तिकीट काढलं. मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, जाहिरात राहू दे. सगळं सिद्ध केलेलं असूनही वाटलं, की मी चुकलेली असू दे. मग दादामियाँचं काय, हे त्या क्षणी आठवलं नाही. आप्पासाहेबही परातीपुढे असेच उभे असणार.

सोडलं. आधी काहीच झालं नाही. मग कडेने डिंक सुटू लागला आणि त्याच्याबरोबर अक्षरं उठली. शब्दाचे आकार थोडा वेळ पाण्यावर तसेच राहिले, वाचता येण्याजोगे. मग विस्कटले. तिकीट खाली राहिलं, पाठ स्वच्छ पांढरी.

हिंदुराव खाली बसले. बाकावर, पहिल्या रांगेत. शाळेतल्या मुलासारखे. मला वाटलं होतं ते मला आणखी काही बोलतील, पण ते थाळीकडे बघत आपल्या आईला म्हणाले, "म्हणून मारलं होतं मला." आनंदीबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

निघताना त्यांनी अल्बम माझ्या हातात दिला. "उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला काही दिवस तुझं तोंड बघवायचं नाही. हे नीट करून आण. टाके उसवलेत." नीट करून कुठून आणायचं ते त्या बोलल्या नाहीत. हिंदुराव ऐकत होते. मी त्यांना विचारलं नाही.


मंगळवार, २४ डिसेंबर

काल दोन्ही शाळांत गेले. घडलं ते माझ्या सहीने लिहून दिलं, माझ्या वाट्याचं पहिलं वाक्य गाळलं नाही. एका हेडमास्तरांनी वाचलं आणि "बघू" म्हणाले. दुसऱ्यांनी वाचून पोतं दाखवलं. "न्यायचं असेल तर न्या. पाठवायला माझ्याकडे माणूस नाही."

आज सकाळी मच्छिंद्रदादाने मंडईतून येताना ते पोतं टेंपोत टाकलं. "रिकामाच व्हतो," म्हणाला. त्याला दुकान ठाऊक नव्हतं, म्हणून मीही बरोबर गेले. अर्धी शिवलेली पुस्तकं मेथीच्या पाल्यात लोळत आली.

शाळांना दिलेल्या कागदाची नक्कल हमीदाने अब्बांना वाचून दाखवली. पोतं उघडलं, एक पुस्तक नाकाशी धरलं. "वा. भूगोल आता भाजीसारखा शिकवा." मग ते मांडीवर घेतलं, लोंबणारा दोरा शोधला आणि तिथून पुढे शिवायला लागली.

मी अल्बम दादामियाँपुढे ठेवला. त्यांनी लगेच हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं, मग अल्बमकडे. उघडून तिकिटांकडे पाहिलंच नाही. उसवलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"कोणी ओढलं?"

"ओढलं एकाने."

"पण आलं नाही."

"नाही, चाचा. आलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि अल्बम आपल्या उजव्या हाताशी, कामाच्या जागी, ओढून घेतला. मला स्टूल द्यायला ते आज विसरले. मी उभीच होते.

हमीदाने कानामागची पेन्सिल काढली. "पावतीबाई, काय लिहू? साठ की एकोणसाठ?"

"काही लिहू नकोस," मी म्हटलं.

ती पेन्सिल धरून थांबली. मी तशीच दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि टेंपोत बसले. अल्बम भवानी पेठेत आहे. पावती घेतलेली नाही.